‘चाओ’ म्हटलं की घरमालकीणबाई गप्प होतात

सांगलीकडची एक 26 वर्षांची मुलगी गेल्या सप्टेंबरपासून इटलीत तोरीनोला शिकते आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. इटालियन ती मोबाइलवरून थोडं थोडं शिकली. सत्तरीच्या घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या की ती रोज हसून ‘चाओ’ म्हणते. बाई ‘बुओनजोर्नो’, म्हणजे शुभ दिवस, म्हणतात आणि पुढे जातात, कधी थांबत नाहीत. कोपऱ्यावरच्या बेकरीतून संध्याकाळी सातला निघताना तिने ‘बुओनानोत्ते’, म्हणजे शुभ रात्री, म्हटलं, तर गल्ल्यावरच्या दोघी हसल्या. प्रबंधाच्या मार्गदर्शक बाईंना तिने इंग्रजीत ईमेल पाठवला, सुरुवातीला ‘चाओ प्रोफेसर’ आणि शेवटी नुसतं ‘चाओ’. दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं. आता ती बोलणंच टाळते. ती विचारते: “मी परकी आणि सावळी आहे म्हणून हे लोक असे तुटक वागतात का? की माझं इटालियनच वाईट आहे? सरळ इंग्रजीतच बोलत राहू का? इथल्या आम्हा चार-पाच मराठी मुलामुलींची सगळ्यांचीच ही गत आहे.”

*

प्रिय मुली,

पत्राच्या मायन्यात तू मला ‘मावशी’ लिहिलंस, म्हणून मी तुला लगेच ‘तू’ म्हणते आहे. तू मात्र पत्रभर मला ‘तुम्ही’च म्हटलंस. हे आपण ठरवून केलं नाही. एका शब्दावरून दोघींनी आपापली जागा ओळखली आणि दोघींनाही त्यात अवघडल्यासारखं झालं नाही. तुझ्या अडचणीची किल्ली मला इथेच दिसते. पण तुझ्या मनात आलेली शंका दुखरी आहे, तेव्हा जरा सावकाश जाऊ.

आधी मला सांग, ‘चाओ’ म्हणजे ‘हाय’ हे तुला कुणी सांगितलं? मोबाइलमधल्या धड्याने सांगितलं असणार, आणि तो धडा इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेला असणार. इंग्रजीत ‘हाय’ वर्गमित्राला चालतं, दुकानदाराला चालतं, आणि आता बऱ्याच ठिकाणी साहेबालाही चालतं. ‘चाओ’ला एवढं मोठं अंगण नाही. ते मित्रांचं, वर्गातल्या मुलांचं, घरच्यांचं आणि लहान पोरांचं आहे. ज्याला आपण ‘तू’ म्हणतो त्याच्यासाठी, येतानाही आणि जातानाही. फोन ठेवताना तर इटालियन माणूस ‘चाओ, चाओ, चाओ’ असं लागोपाठ म्हणत राहतो. पण तेही आपल्या माणसाशीच.

आता जिन्यातला प्रसंग मराठीत घडवून बघ. सांगलीत तुमच्या इमारतीत कुणी परगावची मुलगी राहायला आली आणि वरच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या आजींना रोज सकाळी हसून म्हणाली, “काय गं, कशी आहेस?” आजी काय करतील? रागावणार नाहीत. पोर परगावची आहे, तिला माहीत नसेल, असं म्हणतील. पण जिन्यात थांबून गप्पाही मारणार नाहीत, कारण काय बोलावं हेच त्यांना सुचणार नाही. तुझ्या घरमालकीणबाईंचं तसंच होत असावं. आणि एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. त्या रोज तुला ‘बुओनजोर्नो’ म्हणतात. म्हणजे रोज सकाळी त्या योग्य शब्द तुझ्या हातावर ठेवतात. तू तो तुटकपणा समजलीस.

‘चाओ’ची जन्मकथा तुला आवडेल. हा शब्द व्हेनिसच्या बोलीतला. ‘स्चाव’ म्हणजे गुलाम, आणि ‘मी आपला गुलाम’, म्हणजे आपल्या सेवेला हजर आहे, असं म्हणून तिथले लोक अदबीने एकमेकांना अभिवादन करत. झिजत झिजत त्याचं ‘चाओ’ झालं, इटलीभर पसरलं आणि वाटेत सगळी अदब गळून नुसती सलगी उरली. आपल्याकडे अर्जाच्या खाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहितात, त्यातली आज्ञा आज कुणाच्या मनात असते का? शब्द असेच वापराने घासले जातात. मूळ अर्थ कळला तर मजा येते, पण शब्द कुणापाशी काढायचा हे आज लोक तो कुणापाशी काढतात त्यावरून ठरतं.

तू तीन भाषा बोलतेस, पण इटालियनकडे जाताना दरवेळी इंग्रजीच्या पुलावरून जातेस असं मला वाटतं. तो पूल या कामाचा नाही. इंग्रजीत समोरच्यासाठी एकच शब्द आहे, देवापासून कुत्र्यापर्यंत. तुझ्या घरात तीन आहेत: तू, तुम्ही, आपण. इटालियनमध्ये सलगीचा शब्दही ‘तू’च आहे आणि आदराचा ‘लेई’. ‘लेई’ म्हणजे खरं तर ‘ती’, आणि क्रियापदही तृतीयपुरुषी लागतं. इंग्रजीतून येणाऱ्याला हे समजायला महिना जातो. तुला एक क्षण पुरेल, कारण ‘आईसाहेबांनी आता विश्रांती घ्यावी’ हे वाक्य तू ऐकलेलं आहेस. समोर बसलेल्या माणसाशी, तो जणू तिसराच कुणी आहे अशा अदबीने बोलण्याची रीत आपलीही आहे.

हा ‘लेई’ तिथल्या लोकांच्या किती हाडीमाशी भिनलेला आहे बघ. 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने त्यावर बंदी आणली. तो परका आणि लाचार वाटतो, त्याऐवजी सगळ्यांनी ‘वोई’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणावं, असं फर्मान निघालं. ‘लेई’ नावाचं एक महिला साप्ताहिक होतं, त्यालाही नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ व्हावं लागलं. राजवट गेली आणि लोकांनी ‘लेई’ परत आणला. दक्षिणेत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘वोई’ आजही ऐकू येतो, पण ती तिथली जुनीच सवय आहे. तुझं तोरीनो उत्तरेत. तिथे ‘लेई’च धर.

पण मराठी कानावर डोळे मिटून विसंबू नकोस. दोन ठिकाणी तो फसवतो. एक म्हणजे घर. आपल्याकडे आईला ‘तू’ आणि बाबांना, आजोबांना बऱ्याच घरांत ‘तुम्ही’. इटलीत आज घरातल्या सगळ्यांना ‘तू’, नव्वदीच्या आजोबांनासुद्धा. मैत्रीण आपल्या आजोबांना ‘चाओ’ म्हणाली म्हणजे तूही म्हणावंस असं नाही. ते तिचे आजोबा आहेत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती कुठल्याच धड्यात नसते. आपण ओळखीच्या माणसाशी बोलतो, जागेशी बोलत नाही. किराणा दुकानात शिरलो की “अर्धा किलो रवा द्या” इथूनच सुरुवात. त्यात उद्धटपणा नसतो. पुण्याहून मी पहिल्यांदा इटलीला गेले तेव्हा ताप आला म्हणून एका डॉक्टरांकडे गेले होते. बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं बसली होती. मी मान खाली घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. माझ्यामागून एक बाई आली, दारातच सगळ्यांकडे बघून ‘बुओनजोर्नो’ म्हणाली, आणि सगळ्यांनी मान वर करून उत्तर दिलं. मग दुसरा आला, तोही म्हणाला. मी सोडून खोलीतला प्रत्येक माणूस असाच आत आला होता. आत मी कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, पण मी त्यांच्यात आलेच नव्हते. त्या दिवसापासून मी दुकान, लिफ्ट, दवाखाना, जिथे शिरेन तिथे आधी ‘बुओनजोर्नो’ म्हणू लागले. पंधरा दिवसांत पावाचं दुकान, औषधाचं दुकान आणि भाजीवाला, तिघांचेही चेहरे बदलले. माझं व्याकरण तोपर्यंत अजिबात सुधारलेलं नव्हतं.

म्हणून विचारते, बेकरीत शिरताना तू काय म्हणतेस? निघतानाचा प्रसंग तू लिहिलास, शिरतानाचा नाही.

आता निघतानाचं. ‘बुओनानोत्ते’ हे झोपायला जाताना किंवा फार रात्री निरोप घेताना म्हणतात. संध्याकाळी सात वाजता पावाची पिशवी हातात घेऊन ते म्हटलंस, तेव्हा ‘चला, मी आता अंथरुणावर पडते’ असं काहीसं त्यांना ऐकू आलं. त्या हसल्या ते चित्र डोळ्यांसमोर येऊन हसल्या. तुला हिणवायला हसल्या असतील असं मला वाटत नाही. संध्याकाळी आत शिरताना ‘बुओनासेरा’ आणि निघताना ‘बुओना सेराता’, म्हणजे तुमची संध्याकाळ छान जावो. सकाळी तसंच: शिरताना ‘बुओनजोर्नो’, निघताना ‘बुओना जोर्नाता’. भेटतानाचा शब्द वेगळा आणि निरोपाचा वेगळा, एवढं पक्कं कर. ‘बुओनासेरा’ कधीपासून म्हणायचं हे गावागावावर आहे. तोस्काना प्रांतात आणि दक्षिणेकडे दुपारचं जेवण झालं की संध्याकाळ धरतात; उत्तरेत दुपार बरीच कलली की. ‘बुओन पोमेरिज्जो’, म्हणजे शुभ दुपार, असाही शब्द आहे, पण तो रेडिओ-टीव्हीवर जास्त. शंका आली तर समोरचा काय म्हणतो ते ऐक आणि तेच परत दे.

निरोपाच्या बाबतीत हे लोक फार हौशी आहेत. शनिवारी ‘बुओन फीने सेत्तिमाना’, रविवारी ‘बुओना दोमेनिका’, कामावर असलेल्याला ‘बुओन लाव्होरो’, सुट्टीहून परतणाऱ्याला ‘बुओन रिएंत्रो’. समोरचा माणूस आता कुठे चालला आहे, काय करणार आहे, हे लक्षात घेऊन दिलेली ती छोटीशी शुभेच्छा असते. मला ही रीत मनापासून आवडते. आणि ‘आरिव्हेदेर्ची’ तर आपल्या ‘येतो’ची सख्खी बहीण. त्याचा अर्थ ‘पुन्हा भेटेपर्यंत’. आपण उंबरठ्यावरून ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, ती भावना त्यात आहे. एकट्या वडीलधाऱ्या व्यक्तीला फार अदबीने म्हणायचं तर ‘आरिव्हेदेर्ला’. ‘आद्दियो’ मात्र कुणाला म्हणू नकोस. तो कायमचा निरोप, आपल्या ‘जाते’सारखा.

तू ‘साल्वे’बद्दलही विचारलं आहेस. तुझी एक मैत्रीण सगळीकडे तेच म्हणते आणि तिचं निभावतं, असं तू लिहितेस. निभावतं खरं. ‘साल्वे’ लॅटिनमधून आलेला, बरे असा, असं सांगणारा शब्द. समोरच्याला ‘तू’ म्हणावं की ‘लेई’, हे ठरत नसतं तेव्हा लोक तो काढतात: जिमच्या शिक्षकाला, आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या शेजाऱ्याला. पण काही ज्येष्ठ मंडळींना, विशेषतः प्राध्यापकांना, तो अर्धवट वाटतो. धड आदर नाही, धड जवळीक नाही. मी तुझ्या जागी असते तर तो बरोबरीच्या अनोळखी माणसांसाठी ठेवला असता. ‘बुओनजोर्नो’ कुणालाही खटकत नाही.

ईमेलचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्याचीच दिसते. तुझ्या आजोबांच्या पिढीची पत्रं घरात असतील तर एकदा काढून बघ. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांसारख्या दुसऱ्या कुणाला ‘तीर्थस्वरूप’, मुलाला ‘चिरंजीव’. पुढे ‘सा. न. वि. वि.’ किंवा ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’. मायना वाचला की पत्र कुणाचं कुणाला आहे हे मजकूर न वाचताच कळायचं. व्हॉट्सॲपच्या काळात आपण ते विसरत चाललो, इटालियन लोकांनी ईमेलमध्येसुद्धा जपलं आहे. म्हणून बाईंना ‘चाओ प्रोफेसर’ वाचून काय वाटलं असेल याचा अंदाज तुझ्या आजोबांना लगेच आला असता.

बाईंना लिहिताना ‘जेंतीले प्रोफेसोरेस्सा’ आणि पुढे त्यांचं आडनाव. हा आजचा चालता, सभ्य मायना आहे. पुरुष प्राध्यापकांना ‘जेंतीले प्रोफेसोरे’. ‘एग्रेजो’ हा आणखी जड शब्द. मुळात ‘कळपातून उठून दिसणारा’ असा त्याचा अर्थ, आपल्या ‘राजमान्य राजेश्री’च्या जातीचा. तो तुला विद्यापीठात लागणार नाही. जुन्या वळणाच्या वकिलाला पत्र लिहायची वेळ आली तर बघ. कंपनीला किंवा संस्थेला लिहिताना ‘स्पेत्ताबिले’. ‘कारा’ आणि ‘कारो’ म्हणजे प्रिय, ते मैत्रिणीला आणि मित्राला. पदवीची कदर तिथे फार: साधी पदवी घेतलेल्यालाही ‘दोत्तोरे’ किंवा ‘दोत्तोरेस्सा’ म्हणतात, तेव्हा कार्यालयातून आलेल्या पत्रात तुझ्या नावाआधी तो शब्द दिसला तर चूक झाली असं समजू नकोस.

शेवटाला ‘कोर्दियाली सालूती’. हे लिहिलंस की चुकायची भीती नाही. ‘दिस्तिंती सालूती’ त्याहून कोरडं, आपल्या ‘आपला विश्वासू’सारखं, नोकरीचा अर्ज, तक्रार, सरकारी काम यासाठी. ‘उन कारो सालूतो’मध्ये ऊब आहे. ते बाईंनी आधी लिहिलं तर पुढच्या वेळी तूही लिही, स्वतःहून सुरुवात करू नकोस. ‘उन आब्राच्चो’ म्हणजे मिठी, ‘बाची’ म्हणजे पापे. ही मैत्रिणींची समाप्ती, बाईंसाठी नाही. तुझ्या इंग्रजी ईमेलला बाईंनी कधी नाक मुरडलं नव्हतं, असंही तू लिहिलं आहेस. ते साहजिक आहे. तुझा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, तेव्हा पूर्ण इंग्रजी ईमेल अगदी रास्त. खटकली ती सरमिसळ. इंग्रजी मजकुराला इटालियन सलगीचं शेपूट लावलंस. लिहायचं तर एकतर सगळं इंग्रजी लिही, किंवा मायना आणि समाप्ती दोन्ही इटालियन रीतीने लिहून मधे इंग्रजी ठेव. चुकल्याबद्दल वेगळा माफीचा ईमेल नको. पुढचा ईमेल नीट गेला की बाईंना कळेल.

आता तुझी ती शंका. मी तिथे नसताना ‘तसं काही नसतं गं’ म्हणून ती झटकून टाकणं मला बरोबर वाटत नाही. रंगावरून आणि परकेपणावरून वाईट वागणारी माणसं इटलीत आहेत. आणि योगायोग बघ, तेही याच दोन शब्दांतून दिसतं. एका कार्यालयात परवान्याच्या रांगेत मी स्वतः पाहिलं आहे, खिडकीतला माणूस इटालियन माणसांना ‘लेई’ म्हणत होता आणि आम्हा बाहेरच्यांना, पांढऱ्या केसांच्या एका गृहस्थांनासुद्धा, सरसकट ‘तू’. ते गृहस्थ शेवटपर्यंत त्याला शांतपणे ‘लेई’च म्हणत राहिले. तुझ्या वाट्याला असं आलं तर तूही ‘लेई’ सोडू नकोस. पण तुझ्या पत्रातले तिन्ही प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचले, त्यात मला हे दिसलं नाही. घरमालकीणबाई तुला ‘बुओनजोर्नो’ म्हणतात, मार्गदर्शक बाईंनी दोन ओळींत का होईना पण अदबीनेच उत्तर दिलं. अनादर करणारा माणूस अंतर राखत नाही, तो ते ओलांडतो.

बेकरीतल्या एखाद्या मावशी तुला ‘चाओ, कारा’ म्हणतील. त्यात वाईट काही नाही. मी तुला ‘तू’ म्हणते आणि तू मला ‘तुम्ही’ म्हणतेस, तसंच ते. तू ‘बुओनजोर्नो, सिन्योरा’ म्हणत राहा; ‘सिन्योरा’ म्हणजे बाई. कधीतरी त्या स्वतः म्हणतील, ‘दियामोची देल तू’, म्हणजे आता आपण एकमेकींना ‘तू’ म्हणू या. हे म्हणण्याचा मान वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाचा. तोपर्यंत थांबायचं. वर्गातल्या मुलांशी हा प्रश्नच नाही, तिथे पहिल्या दिवसापासून ‘तू’ आणि ‘चाओ’, तेव्हा तिथेही घाबरून ‘लेई’ काढत बसू नकोस. ते त्यांना रुसल्यासारखं वाटेल.

आणि इंग्रजीतच राहावं का? विद्यापीठात जरूर. जिन्यात आणि बेकरीत राहू नये, असं माझं मत आहे. सत्तरीच्या बाईला इंग्रजी येत नसेल तर तू इंग्रजीत शिरलीस की त्यांच्याकडे गप्प राहण्याशिवाय काही उरत नाही. पाच शब्दांचं इटालियन पुरतं, पण ते पाच शब्द बरोबर जागी पडायला हवेत.

उद्या सकाळी जिन्यात भेटल्या की आधी तू म्हण, “बुओनजोर्नो, सिन्योरा.” थांबल्या तर पुढे “कोमे स्ता?”, म्हणजे कशा आहात? ‘कोमे स्ताई’ नाही, ते ‘तू’चं रूप. त्या विचारतील तेव्हा “बेने, ग्रात्सिये, ए लेई?”, म्हणजे छान, धन्यवाद, आणि तुम्ही? आधीच्या ‘चाओ’ची रुखरुख लागून राहिली असेल तर एकदाच सांगून टाक: “मी स्कूझी, सिन्योरा, स्तो आंकोरा इंपारांदो.” माफ करा, मी अजून शिकते आहे. इथेही ‘स्कूझा’ म्हणू नकोस, ते मैत्रिणीला, बाईंना ‘स्कूझी’. भाडं द्यायला त्यांच्या दारात गेलीस आणि त्यांनी आत बोलावलं, तर उंबरठा ओलांडताना ‘पेर्मेस्सो’ म्हण. त्या ‘आव्हांती’ म्हणतील, मग आत जा. आपण ‘येऊ का?’ विचारतो आणि आतून ‘या, या’ येतं, तेच हे. बोलवलेल्या पाहुण्यानेसुद्धा हे म्हणायचं असतं. हा एक शब्द ऐकून म्हाताऱ्या माणसांचे डोळे कसे निवळतात ते मी कितीदा पाहिलं आहे.

प्रबंध सादर करायला निघशील तेव्हा त्या कदाचित म्हणतील, “इन बोक्का आल लूपो”, लांडग्याच्या तोंडात जा! दचकू नकोस, ती शुभेच्छा आहे. त्यावर आभार मानायचे नसतात, “क्रेपी!” म्हणायचं, म्हणजे मरो तो लांडगा.

तुझ्या बरोबरच्या मुलामुलींनाही हे पत्र वाचून दाखव. आणि जिन्यात काय झालं ते मला कळव.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
मावशी